धर्मसमर्थक आणि मंडळीचे वरिष्ठ : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बायबल अभ्यासगट चालवणारे, रील आणि व्हिडिओ करणारे, कॉलेजच्या कट्ट्यावर मित्रांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे तरुण वाढले आहेत. त्यांची पहिली टक्कर बहुतेकदा बाहेरच्यांशी होत नाही. ती होते आपल्याच पाळकसाहेबांशी, फादरांशी किंवा बिशपांशी. कॅथलिक आणि सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) अशा दोन्ही घरांतून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत, म्हणून कोणतं उत्तर कोणाला लागू आहे तेही जागोजागी सांगितलं आहे.

धर्मसमर्थक म्हणजे नेमकं कोण? ॲपॉलॉजी म्हणजे माफी ना?

नाही. मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’ हा कोर्टातला आहे. आरोपीने उभं राहून मांडलेली आपली बाजू, असा त्याचा अर्थ. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या पंधराव्या वचनात हाच शब्द येतो: तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. वचनाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा फार थोड्यांना.

धर्मसमर्थक हे पद नाही. त्याला दीक्षा लागत नाही, नेमणूक लागत नाही. ताकद आणि अडचण दोन्ही इथूनच सुरू होतात. तो मंडळीच्या वतीने बोलतो, पण मंडळीने त्याला वकीलपत्र दिलेलं नसतं.

तो तर आपल्याच बाजूचा माणूस. मग वरिष्ठांशी खटके का उडतात?

कारण दोघांची कामं वेगळी आहेत. समर्थकाला समोरच्याच्या प्रश्नाला आज, आत्ता, ठाम उत्तर द्यायचं असतं. बिशपांना शेकडो कुटुंबं एकत्र ठेवायची असतात. त्यात नवे असतात, डळमळीत असतात, घर मोडलेले असतात, घरात दोन धर्म असलेलेही असतात. एकाला स्पष्टता हवी असते, दुसऱ्याला वेळ हवा असतो.

प्रत्यक्षात खटका उडतो तो तीन ठिकाणी. पहिलं म्हणजे समर्थकाने ज्या शिकवणीवर आपला युक्तिवाद उभा केला, ती शिकवण वरिष्ठांनी नव्या शब्दांत मांडली आणि त्याच्या पायाखालची फळी सरकली. दुसरं, समर्थकाने एका अडचणीवर स्वतः शोधलेला तोडगा ‘मंडळीचं उत्तर’ म्हणून सांगितला. हे सगळ्यात जास्त घडतं, आणि घडतं तेव्हा त्याचं त्यालाही कळत नाही. तिसरं, वरिष्ठ प्रवचनात किंवा मुलाखतीत सैलपणे बोलले आणि समर्थकाने ते वाक्य एक तर ओढूनताणून सावरलं, नाहीतर चव्हाट्यावर आणलं.

यात दुसरं कारण सांभाळलं तर निम्मे वाद होणारच नाहीत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोणत्या विधानाला किती वजन द्यायचं, हे कसं ठरवायचं?

बोलण्याआधी प्रत्येक मुद्दा तीनपैकी एका कप्प्यात टाका.

पहिला कप्पा मंडळीच्या विश्वासाचा. प्रेषितांचा आणि नायसीन विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाच्या जुन्या लेखी कबुल्या, यात येतात. कॅथलिकांसाठी ख्रिस्तसभेने निश्चित घोषित केलेले श्रद्धासिद्धांतही इथेच. इथे मतमतांतराला जागा नाही. पण कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिकांच्या धर्मकायद्याचं, कलम ७४९ हेही सांगतं की एखादी गोष्ट अचूक म्हणून घोषित झाली आहे हे उघडपणे सिद्ध नसेल, तर ती तशी मानायची नाही. ‘पोप बोलले म्हणजे अचूकच’ हे वाक्य त्यामुळे कॅथलिक दृष्टीनेच चूक ठरतं.

दुसरा कप्पा अधिकृत शिकवणीचा. निश्चित घोषणा झालेली नसते, तरी पोप आणि बिशप मंडळ शिकवण्याच्या अधिकाराने बोलत असतात. कलम ७५२ इथे बुद्धीची आणि इच्छेची आदरपूर्वक अधीनता मागतं. त्यावर प्रश्न पडू शकतात, विचारताही येतात, पण ‘हे बंधनकारक नाही, सोडून द्या’ असं सांगता येत नाही.

तिसऱ्या कप्प्यात बाकी सगळं. पोपांचं विमानात पत्रकारांशी झालेलं बोलणं, एखाद्या फादरांचं प्रवचन, एखाद्या पंडिताचं स्पष्टीकरण, आणि तुमचं स्वतःचं उत्तरसुद्धा.

व्हिडिओत हे तोंडाने म्हणा: ‘हा मंडळीचा विश्वास’, ‘ही शिकवण’, ‘हे माझं मत’. तीन-चार शब्दांचं काम आहे. ते गाळलं की तुमचं मत खोडणारा प्रत्येक माणूस तुम्हाला मंडळीचा शत्रू वाटू लागतो.

शिकवण बदलली तर माझ्या जुन्या व्हिडिओंचं काय करू?

ताजं उदाहरण मृत्युदंडाचं आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचं कलम २२६७ पूर्वी काही अत्यंत दुर्मीळ परिस्थितीत मृत्युदंडाला वाव ठेवत होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मान्यतेने ते बदललं. मृत्युदंड अस्वीकार्य आहे, असं ते आता म्हणतं. अनेक कॅथलिक समर्थकांनी जुन्या मजकुरावर वर्षानुवर्षं लेखन केलं होतं. काहींनी हा शिकवणीचा विकास मानला, काहींनी उघड आक्षेप घेतला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर व्हिडिओ गुपचूप काढून टाकू नका. ज्यांनी तो पाहून दहा जणांना पाठवला आहे, त्यांच्या मोबाइलमध्ये तो तसाच राहतो. वर्णनाच्या पहिल्या ओळीत तारीख घालून लिहा: कितव्या मिनिटातलं कोणतं वाक्य आता लागू नाही, आणि नवा मजकूर काय आहे. नव्या मजकुराबद्दल मनात शंका असेल तर ती ‘शंका’ म्हणूनच लिहा. ‘कालपर्यंत आम्ही खोटं सांगत होतो’ असंही म्हणू नका आणि ‘काहीच बदललं नाही’ असंही नको. ऐकणारा दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचू शकतो.

मी सीएनआयचा आहे. बालबाप्तिस्मा शास्त्राला धरून नाही, असं शिकवल्यावर पाळकसाहेबांनी अभ्यासगट थांबवला. हे योग्य आहे का?

तुमच्या मंडळीची घडण आधी पाहा. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर इथे सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यात अँग्लिकन होते, आपल्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यात गेल्या होत्या ती युनायटेड चर्चही होती, आणि केवळ प्रौढ बाप्तिस्मा मानणारे बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्सही होते. दोन्ही पद्धती मान्य ठेवायच्या, या अटीवरच हे एकीकरण उभं आहे.

त्यामुळे प्रौढ बाप्तिस्म्याच्या बाजूने बोलायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे, कारण तुमच्या मंडळीत ती परंपरा आहेच. पण ‘लहानपणी झालेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, पुन्हा घ्या’ असं म्हणालात की तुम्ही एकीकरणाच्या करारालाच हात घालता. बरोबर त्या वाक्यावर पाळकसाहेब थांबवणार, आणि त्यांनी थांबवावंच. मात्र अख्खा गट बंद करणं जरा जास्तच झालं. नेमकं कोणतं विधान मागे घ्यायचं ते लेखी मागा, ते घ्या, आणि गट पुन्हा सुरू करण्याची विनंती पास्टरेट कमिटीकडे, म्हणजे स्थानिक मंडळीच्या समितीकडे, करा. तिथे अडलं तर पुढची पायरी डायोसिस (धर्मप्रांत), आणि त्यानंतर सिनॉड (सीएनआयची सर्वोच्च सभा).

पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष सुनावलं होतं. मग आम्ही का नाही सुनवायचं?

सोलापुरात हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल आणि पेत्र या दोन प्रेषितांमधली ती घटना स्पष्ट आहे. मध्ययुगातले मोठे कॅथलिक धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्विनास यांनीही त्याच घटनेचा दाखला देऊन लिहिलं आहे की श्रद्धेलाच धोका असेल तर अधीन असलेल्याने वरिष्ठाला उघडपणेही सुनवावं. म्हणजे दार बंद नाही.

पण अटी वाचा. श्रद्धेलाच धोका हवा. गायनाच्या चाली, मिस्सेची (उपासनेची) वेळ किंवा तुम्हाला न पटलेला एखादा राजकीय शेरा त्यात बसत नाही. पौल अंत्युखियात समोर उभा राहून बोलला होता. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायाची क्रमवारी तशीच लागू आहे: आधी एकट्याने, मग दोघा-तिघांसह, मग मंडळीपुढे. मंडळीच्या वडीलजनांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकूच नये, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे.

पौल-पेत्राच्या याच प्रसंगाच्या अर्थावरून चौथ्या शतकाच्या शेवटी ऑगस्टीन आणि जेरोम या दोन मोठ्या ख्रिस्ती विद्वानांत पत्रांतून वाद झाला. जेरोम यांचं म्हणणं, दोघांनी ते भांडण मंडळीच्या भल्यासाठी ठरवून केलं. ऑगस्टीन यांना ते मान्य नव्हतं, कारण मग शास्त्रातलं एक विधान खोटं ठरतं. मुद्दा गंभीर होता. पण ऑगस्टीन यांचं पत्र बेथलेहेमला जेरोम यांच्या हाती पडण्याआधीच त्याच्या नकला इटलीत फिरू लागल्या. जेरोम यांना ते इतरांकडून कळलं आणि ते मनातून दुखावले. पुढची कितीतरी पत्रं मूळ मुद्द्याऐवजी ‘मी ते तुमच्या माघारी पसरवलं नाही’ हे पटवण्यात गेली. खाजगी पत्राचा फोटो ग्रुपवर गेला की आजही हेच होतं: मुद्दा बाजूला पडतो आणि फोटो कोणी टाकला यावर सहा महिने जातात.

मग पत्र कसं लिहायचं?

एक पत्र, एक प्रश्न, एक पान. मराठीत लिहा. वरिष्ठ मराठी वाचणारे नसतील तर इंग्रजी प्रत सोबत जोडा. भाषांतर एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या, कारण ‘खुलासा द्या’ याचं कच्चं इंग्रजी सहज धमकीसारखं वाचलं जातं.

सुरुवातीला काय बोललं गेलं ते शब्दशः, तारीख आणि ठिकाणासह लिहा. व्हिडिओ असेल तर मिनिट आणि सेकंद द्या. चाळीस सेकंदांच्या तुकड्यावर कधीच लिहू नका. संपूर्ण प्रवचन ऐका, कारण पुष्कळदा आक्षेपाचं वाक्य हे वक्त्याने खोडण्यासाठी घेतलेलं दुसऱ्याचं वाक्य असतं. मग शिकवणीचा नेमका आधार द्या: वचन, धर्मशिक्षण ग्रंथाचं कलम किंवा मंडळीच्या घटनेचं कलम. शेवटी प्रश्न विचारा, निकाल देऊ नका. ‘याचा अर्थ असा घ्यावा का?’ या वाक्याला उत्तर मिळतं. ‘आपण पाखंड शिकवलंत’ या वाक्याला फक्त वकील मिळतो.

सह्यांची मोहीम पहिल्या पत्राला नको. पन्नास सह्या आल्या की तो प्रश्न राहत नाही, तो मोर्चा होतो.

पत्र स्पीड पोस्टने पाठवा किंवा कार्यालयात हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कॅथलिकांनी आधी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांना लिहावं, मग पुण्याला बिशप हाउसला. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. कॅनन लॉच्या कलम २१२ नुसार आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा श्रद्धावंताला हक्क आहे, आणि ज्ञान व पात्रतेप्रमाणे कधी कधी ते कर्तव्यही ठरतं. याच कलमात आदर, सर्वांचं हित आणि माणसांची प्रतिष्ठा या मर्यादा आहेत. पत्रात कलमाचा उल्लेख करायचा तर दोन्ही भाग लिहा.

उत्तरच आलं नाही तर?

आधी खात्री करा की पत्र योग्य टेबलावर पोचलं आहे. ही किरकोळ गोष्ट नाही. इंग्लंडचे कॅथलिक फादर जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५९ मध्ये शिकवणीच्या बाबतीत सामान्य श्रद्धावंतांचं मत घेण्याबद्दल एक लेख लिहिला. एका बिशपांनी रोमला, म्हणजे पोपच्या कार्यालयाकडे, तक्रार केली. रोमने आक्षेपांची यादी पाठवली, ती इंग्लंडमधले वरिष्ठ कार्डिनल वाइजमन यांच्याकडेच राहिली. न्यूमन यांनी खुलाशाची तयारी दाखवली होती, तीही पुढे गेली नाही. रोमला वाटलं, हे आज्ञा पाळत नाहीत. न्यूमन यांना वाटलं, प्रकरण मिटलं. सत्य १८६७ मध्ये उघड झालं. मधली आठ वर्षं त्यांच्यावर संशय राहिला तो शिकवणीमुळे कमी आणि न पोचलेल्या कागदामुळे जास्त. तेच न्यूमन १८७९ मध्ये कार्डिनल झाले आणि २०१९ मध्ये संत घोषित झाले.

तीस दिवस थांबा. मग दोन ओळींचं स्मरणपत्र, पहिल्या पत्राची प्रत जोडून. तुमच्याविरुद्ध लेखी आदेशच निघाला असेल, म्हणजे उदाहरणार्थ शिकवण्यास मनाई, तर कॅथलिकांसाठी मुदती ठरलेल्या आहेत आणि त्या फार आखूड आहेत. आदेश मिळाल्यापासून १० दिवसांत, तो काढणाऱ्याकडेच फेरविचाराची लेखी मागणी करायची. त्यांना ३० दिवस असतात. त्यानंतर १५ दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागायची. हे कॅनन लॉच्या कलम १७३४ ते १७३७ मध्ये आहे. बहुतेक जण पहिले १० दिवस व्हॉट्सॲपवर घालवतात आणि हक्क गमावून बसतात.

आदेश नसेल, फक्त मौन असेल, तर रोमच्या विश्वास-सिद्धांत विभागाने २४ मे १९९० रोजी काढलेला, ईशज्ञानी माणसाच्या (धर्मतत्त्वांच्या अभ्यासकाच्या) कार्याबद्दलचा दस्तऐवज वाचा. तो अडचणी वरिष्ठांकडे मांडायला सांगतो, प्रसारमाध्यमांतून दबाव आणू नका म्हणतो, आणि प्रामाणिक प्रयत्नांनंतरही शंका उरली तर ती सहन करत प्रार्थनेत राहण्याचा मार्ग दाखवतो. हा सल्ला जड आहे. पण सत्य खरंच पणाला लागलं असेल तर ते शेवटी वर येतं, या भरवशावर तो दिलेला आहे.

चॅनेलच्या नावात ‘कॅथलिक’ शब्द घातला तर चालेल?

परवानगीने. कॅनन लॉच्या कलम २१६ प्रमाणे सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कोणत्याही उपक्रमाने स्वतःला कॅथलिक म्हणवून घ्यायचं नाही. अमेरिकेत डेट्रॉईट आर्चडायोसिसने डिसेंबर २०११ मध्ये एका समर्थक चॅनेलला हे जाहीरपणे सांगितलं आणि पुढच्या वर्षी त्याला नाव बदलावं लागलं. नावात परिसर, संत किंवा विषय घाला आणि ‘हे मंडळीचं अधिकृत व्यासपीठ नाही’ ही ओळ वर ठेवा.

मी मंडळीच्या शिकवणीपेक्षा कडक आहे, सैल नाही. मग अडचण काय?

तीच तर अडचण. बॉस्टनचे फादर लिओनार्ड फीनी हे लोकप्रिय कॅथलिक समर्थक होते. ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’ हे जुनं वचन त्यांनी इतकं आवळलं की बाप्तिस्म्याची मनापासून इच्छा असून तो न मिळालेल्यालाही जागा उरली नाही. रोमने ८ ऑगस्ट १९४९ च्या पत्रात खरा अर्थ स्पष्ट केला. फीनी हटले नाहीत, रोमला बोलावलं तेव्हा गेले नाहीत, आणि १९५३ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं गेलं. १९७२ मध्ये ते परत सामावले गेले. शिकवण सैल करणाऱ्यावर सगळ्यांची नजर असते. कडक करणारा निष्ठावान दिसतो, म्हणून त्याची चूक उशिरा पकडली जाते आणि तोवर अनेक जण त्याच्यामागे गेलेले असतात.

आपल्या मराठी मंडळीत असं कधी झालं आहे का?

पुण्याकडे जाताना दौंडनंतर केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि थोड्याच दिवसांत तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा मोठा पत्रव्यवहार पेटला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं भारतातल्या बिशपांनी कळवलं होतं. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीच्या) मांडणीबद्दलही त्यांचे प्रश्न होते. मला सद्‌सद्विवेक आहे आणि तो मी कोणा पुरोहिताच्या स्वाधीन करणार नाही, असा त्यांच्या उत्तरांचा सूर होता. ती पत्रं वाचावीत ती एका गोष्टीसाठी: इतक्या तीव्र मतभेदातही त्या प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर देतात आणि जेराल्डीन यांना आई मानणं सोडत नाहीत. पुढे याच बाईंनी मूळ भाषांतून बायबल मराठीत आणलं.

रेव्हरंड ना. वा. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं काम करत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होतं. मिशनच्या चौकटीत हे बसणारं नव्हतं. टिळकांनी चौकटीच्या पैशावर चौकट मोडली नाही, आधी पगार सोडला. हा क्रम लक्षात घ्या.

महाराष्ट्राबाहेरचीही दोन उदाहरणं घ्या. मदुरेत १६०६ पासून संन्याशासारखे राहून ब्राह्मणांशी संवाद करणारे फादर रोबेर्तो दे नोबिली यांच्यावर त्यांच्याच सोबत्याने तक्रार केली. १६१९ च्या गोव्यातल्या परिषदेत आर्चबिशप विरोधात गेले. दे नोबिलींनी शेंडी, जानवं आणि गंध यांचे अर्थ संस्कृत ग्रंथांच्या आधारे लिहून काढले, आणि १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी परवानगी दिली. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांना तशी परवानगी मिळाली नाही. ‘सोफिया’ नियतकालिकातून वेदान्ताच्या भाषेत कॅथलिक विश्वास मांडणारा हा माणूस नर्मदेकाठी आश्रम काढू पाहत होता. पोपच्या भारतातल्या प्रतिनिधींनी तो होऊ दिला नाही आणि नियतकालिकावरही बंदी आणली. तीच दिशा पुढे ख्रिस्तसभेने बरीचशी स्वीकारली, पण ब्रह्मबांधव तोवर गेले होते. हे नुकसान वरिष्ठांच्या खात्यावर आहे, असं म्हणायला आम्ही कचरत नाही.

म्हणजे वरिष्ठांचंही चुकतं?

चुकतं. नेहमीच्या चुका अशा: पत्राला पोचही न देणं, प्रश्नाऐवजी प्रश्नकर्त्याच्या घराण्याकडे बोट दाखवणं, तोंडी मनाई करून लेखी द्यायला नकार देणं, आणि कोणतं वाक्य चुकलं हे न सांगता ‘वातावरण बिघडतं’ म्हणून थांबवणं. तरुणाला चूक दाखवली तर तो दुरुस्त करतो. वातावरण त्याला दुरुस्त करता येत नाही.

आणखी एक मार्ग म्हणजे समर्थकांची संस्थाच आपल्या छत्राखाली घेणं. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथातल्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था काढली. १९९७ मध्ये ती पंथाच्या विद्यापीठात गेली. २०१२ मध्ये तिच्या समीक्षापत्राचे संपादक बदलले गेले, आणि त्याच वर्षी हटवलेल्या संपादकांनी आणि सहकाऱ्यांनी वेगळं नियतकालिक सुरू केलं. छत मिळालं की पैसा आणि प्रतिष्ठा मिळते, पण संपादक कोण हे छताचा मालक ठरवतो. आपल्याकडेही एखाद्या गटाला मंडळीचा हॉल आणि निधी देऊ केला जातो. घ्यायला हरकत नाही, मात्र मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर आणा.

आमचा वाद खरं तर कंपाउंडच्या जागेचा आहे.

मग तो धर्मसमर्थनाचा नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे जा. जागेच्या भांडणाला वचनं चिकटवू नका.

कायद्याचं काय सांभाळायचं?

वरिष्ठांवर पैशाचा किंवा चारित्र्याचा आरोप पुराव्याशिवाय केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे अब्रुनुकसानी. दुसऱ्या धर्माच्या भावना हेतुपुरस्सर दुखावल्या तर कलम २९९. परदेशातून देणगी घेण्याआधी एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी पाहा. आणि लहान मुलांच्या छळाची माहिती असेल तर पत्र-स्मरणपत्र हा मार्ग नाहीच. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे थेट पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

बिशपांनी भेटीला बोलावलं आहे. काय तयारी करू?

एकटे जाऊ नका, पण फौजही नेऊ नका. गटातला एक वयाने मोठा, शांत माणूस बरोबर घ्या. पुण्याला जायचं असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जा आणि परतीची घाई ठेवू नका. भेट लांबली की घड्याळाकडे पाहत दिलेली उत्तरं महागात पडतात.

बरोबर तीन कागद हवेत: आक्षेप असलेल्या व्हिडिओची शब्दशः नक्कल, तुमचा एक पानी प्रश्न, आणि तुम्ही स्वतः मान्य करत असलेल्या चुकांची यादी. तिसरा कागद आधी द्या. मोबाइल बंद करून तो दिसेल असा टेबलावर ठेवा. चोरून केलेलं रेकॉर्डिंग एकदा बाहेर आलं की त्यानंतर कोणीही सोलापूरच्या मुलांशी मोकळेपणाने बोलणार नाही.

न पटलेल्या गोष्टीला तिथल्या तिथे ‘हो’ म्हणू नका. ‘विचार करून आठ दिवसांत लेखी कळवतो’ म्हणा आणि कळवा. त्याच रात्री ठरलेले मुद्दे चार ओळींत लिहून त्यांच्या कार्यालयाला पाठवा, आणि शेवटी विचारा: ‘आपलं असंच ठरलं ना?’